तळाचे दोन वाटे

भर समुद्रात, कुठल्याच देशाची हद्द पोचत नाही तिथे, पाच किलोमीटर खाली जो तळ आहे तो कुणाचा? कायद्याचं उत्तर सोपं होतं: सगळ्यांचा. मानवजातीचा सामायिक वारसा, असे भारदस्त शब्द त्यासाठी योजले गेले आणि पुढे कित्येक वर्षं ते तसेच पडून राहिले, कारण तळापर्यंत कुणाचा हातच पोचत नव्हता. हात पोचायला लागले तशी भांडणं सुरू झाली. सामायिक मिळकतीचं नेहमी होतं तेच झालं.

त्या तळावर बटाटे पडलेले असतात. म्हणजे दिसायला बटाटेच, पण धातूचे. शार्कचा तुटका दात नाहीतर शिंपल्याची कपची घ्यायची, तिच्याभोवती पाण्यातला धातू थरावर थर बसत राहणार, दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर, इतका निवांत कारभार. आत मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट, बॅटऱ्यांना लागतं ते सगळं. हे खडे वर आणायला यंत्रं लागतात, आणि अशी यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या जगात मूठभर. मग ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांनी सामायिक वारसा म्हणून नुसतं समुद्राकडे बघत बसायचं का?

त्यासाठी कायद्यात एक हुशार कलम होतं. कंपनीनं तळाचा एक मोठा पट्टा तपासायचा, त्याचे सारख्या किमतीचे दोन भाग करायचे आणि दोन्हींची असेल नसेल ती सगळी माहिती मंडळापुढे ठेवायची. मंडळ त्यातला एक भाग उचलणार आणि गरीब देशांच्या सामायिक उपक्रमासाठी राखून ठेवणार. उरलेला कंपनीचा. कुठला भाग जाणार ते कंपनीला आधी माहीत नसतं, त्यामुळे भाग सारखे करण्यातच तिचं हित.

पोर्ट लुईला समुद्रतळ वाटप मंडळात नोकरीसाठी मुलाखत चालली होती, तेव्हा अध्यक्षबाई हे कलम समजावून सांगत होत्या आणि समोर बसलेल्या शलाका कुबलला हसू आवरेना.

"हसायला काय झालं?" अध्यक्षबाईंनी विचारलं. मिसेस म्वाले त्यांचं नाव, मलावीच्या. आवाज मऊ आणि नजर करडी.

"आमच्या किनाऱ्यावर हे आधीपासूनच चालतं," शलाका म्हणाली. "कलम नाही, एवढंच."

मग तिनं देवबागची रापण सांगितली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते पाण्यात अर्धगोल टाकून येते, त्याच्या दोन टोकांच्या दोन दोऱ्या वाळूवर येतात आणि अख्खी वाडी त्या ओढते. मासळी वर आली की एका दोरीच्या माणसानं तिचे दोन ढीग घालायचे, दुसऱ्या दोरीच्या माणसानं हवा तो उचलायचा. उचलून झालं की कुणी तोंड उघडायचं नाही. पुढे त्या ढिगातून ज्यानं ज्यानं दोरीला हात लावला त्याला वाटा.

"आणि ज्यानं हात लावला नाही त्याला?" मिसेस म्वालेंनी विचारलं. "माझ्या देशाला समुद्रच नाही. दोरी धरायला आम्ही येणार कुठून?"

"म्हाताऱ्या विधवांना, आजाऱ्यांना मिळतो. दोरी न धरता."

मिसेस म्वालेंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कामावर कधी येता म्हणून विचारलं.

शलाका देवबागात काकीकडे वाढली. आई लहानपणीच गेली, वडील परदेशी बोटीवर, तेव्हा काकीनं तिला उचलून आपल्या घरात आणलं आणि स्वतःच्या मुलाशेजारी निजवलं. तो मुलगा हेरंब, शलाकापेक्षा दोन वर्षांनी मोठा. मोठी माणसं रापणीचे वाटे घालत तेव्हा ह्या दोघांच्या वाट्याला ओंजळभर बारीक पेडवे आणि एखादा बांगडा यायचा, आणि हेही दोघं मोठ्यांची नक्कल करत वाटे घालायचे. घालणारा हेरंब, उचलणारी शलाका. हेरंब पक्का वस्ताद होता. ढीग वरून अगदी सारखे दिसत, पण एकाच्या पोटात बांगडा दडवलेला असे. शलाका रोज फसायची आणि रडत घरी जायची. मग एक दिवस तिच्या ध्यानात आलं की ज्या ढिगात बांगडा, त्या ढिगाकडे हेरंब चुकूनही बघत नाही. त्या दिवसापासून बांगडा तिच्या ताटात पडू लागला. हेरंब डोकं खाजवत बसायचा. हे कसं साधतं ते तिनं त्याला कधी सांगितलं नाही.

दोघंही शिकली, दोघांनीही समुद्राच्या तळाचंच शास्त्र धरलं. शलाका मंडळात गेली. हेरंब अथांग मरीन नावाच्या कंपनीत सर्वेक्षणाचा प्रमुख झाला. आणि एक दिवस हिंदी महासागराच्या मधल्या खोऱ्यातला एक पट्टा पूर्व आणि पश्चिम अशा दोन भागांत विभागून अथांग मरीनचा अर्ज शलाकाच्या टेबलावर आला. खाली सही हेरंब कुबलची.

तिनं लगेच नातं जाहीर केलं. मंडळाच्या वकिलानं नियम चाळले. सख्खी भावंडं चालत नव्हती, चुलत चालत होती. देवबागात असा भेद कुणी काकीसमोर केला असता तर तिनं त्याला पळीनं हाणलं असतं. पण मंडळाचं समाधान झालं, आणि शलाकाला तरी हे काम दुसऱ्याच्या हाती कुठे द्यायचं होतं.

अर्जातले आकडे चोख होते. तळाचे लाखो फोटो, प्रत्येक फोटोत किती खडे, खड्यांत धातू किती. पूर्व आणि पश्चिम जवळपास सारखे. पश्चिमेचा तळ जरा सपाट, यंत्र चालवायला सोपा, म्हणून पश्चिम पासंगानं चांगली. शलाकानं अहवालाचा कच्चा मसुदा केला आणि त्यात पश्चिमेची शिफारस केली.

पण फोटोत दिसतात ते वरचे खडे. गाळाच्या खाली गाडले गेलेले खडे कॅमेऱ्याला कुठून दिसणार? ते बघायची एक युक्ती जमिनीवर तांब्याच्या खाणी शोधणारे फार पूर्वीपासून वापरत आले आहेत. जमिनीत थोडी वीज सोडायची आणि एकदम बंद करायची. नुसती माती असेल तर ती वीज लगेच विसरून जाते. धातूचं खनिज असेल तर ते क्षणभर ती धरून ठेवतं आणि मग हळूहळू सोडतं. त्या सोडण्यावरून खाली काय आहे ते कळतं. समुद्रात मात्र खारं पाणीच सगळी वीज पिऊन टाकतं, त्यामुळे तळावर ही युक्ती कुणाला जमली नव्हती. हेरंबला जमली, अशी ह्या धंद्यातल्या लोकांत कुजबुज होती.

सादरीकरणासाठी हेरंब पोर्ट लुईला आला तेव्हा दोघं मंडळाच्या कँटीनमध्ये जेवायला बसली. तिथे सगळ्यांच्या कानात दुभाषी यंत्रं असत आणि शेजारच्या टेबलावरची कुठलीही भाषा ती आपापल्या मालकाला उलगडून सांगत. मालवणी त्यांना येत नसे. त्यामुळे ही दोघं मोकळेपणानं बोलू शकत.

"काकीचो गुडघो कसो आसा?" शलाकानं विचारलं.

"आसा तसोच. डॉक्टर म्हणता बदला. आवस म्हणता, ह्याच गुडघ्यार आजून धा वर्सां काढतलंय."

शलाका हसली. मग तिनं सरळच विचारलं. "दादा, गाळाखाली बघणारा यंत्र तू केलंस म्हणतत. खरा काय?"

"केललंय. चलला नाय." हेरंबनं माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "कंपनीन ता दुसऱ्याक इकून टाकल्यान. आता माजो त्येच्याशी संबंध नाय."

मग हेरंबच म्हणाला, "माका एक सांग. ज्येनी दोरीक हात लावल्यानी नाय, त्येंका वाटो कित्याक? तुमच्या त्या अध्यक्षबायेन हयसर येवच्या आधी समुद्र तरी बघललो काय?"

"भागीरथी आजयेक दोरी न धरता वाटो जाय, तेवा तू असा कदी इचारलंस नाय."

"आजयेक आमी दियत होतो. तिणां कायदो दाखवन मागल्यान नाय."

हे तो चिडून म्हणाला नाही. मनात कधीचं ठरवून ठेवलेलं सांगावं तसं म्हणाला. शलाकाला ते आवडलं नाही, पण भाऊ फार दिवसांनी भेटला होता, म्हणून तिनं विषय बदलला.

दुपारी सभागृहात भिंतभर नकाशा लागला. डावीकडे पश्चिम, उजवीकडे पूर्व. हेरंब बोलायला उभा राहिला आणि शलाका कागदांकडे बघायचं सोडून त्याच्याकडे बघत बसली. तो पश्चिमेकडे बघत होता. पश्चिमेचं वर्णन पश्चिमेकडे बघून, ते ठीकच. पण पूर्वेचं वर्णनसुद्धा पश्चिमेकडे बघूनच. मिसेस म्वालेंनी पूर्वेच्या उतारांबद्दल एक प्रश्न विचारला, तेव्हा तो त्यांच्याकडे वळला, उत्तर दिलं, आणि नजर पुन्हा पश्चिमेवर. उजव्या बाजूची भिंत त्याच्या लेखी नव्हतीच.

शलाकाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बांगडा पूर्वेत आहे. यंत्र चाललंय, पूर्वेच्या गाळाखाली खच पडलाय, आणि पश्चिम वरून जराशी सरस ठेवलीय ती मंडळानं उचलावी म्हणून.

संध्याकाळपर्यंत तिनं शिफारस बदलली. पूर्व उचलावी. कारण काय द्यायचं हा प्रश्न होता. दादा तिकडे बघत नाही, असं अहवालात लिहिता येत नाही. तिनं पूर्वेच्या उतारांविषयी चार शास्त्रीय वाक्यं रचली. ती खोटी नव्हती, पण त्यांच्यासाठी तिनं पूर्व निवडली नव्हती. मिसेस म्वालेंनी अहवाल वाचून एवढंच विचारलं, "तुमची खात्री आहे?"

"आहे."

"मग माझीही आहे," असं म्हणून त्यांनी सही केली.

निर्णय जाहीर झाला तेव्हा हेरंबचा चेहरा पडला. तो कॉफीलाही थांबला नाही. शलाकाला त्याचं वाईट वाटलं आणि त्याहून जास्त आनंद झाला. समुद्र न बघितलेल्या कोट्यवधी माणसांच्या ताटात तिनं बांगडा टाकला होता. दोनचार दिवस ती नुसती तरंगत होती.

काही वर्षं गेली. सामायिक उपक्रमाची यंत्रं पूर्वेच्या तळावर उतरली आणि फोटोंत दिसत होते तेवढे खडे वर येऊ लागले. तेवढेच. शलाकाच्या आग्रहावरून गाळात नळ्या खुपसून बघितलं, खाली निव्वळ चिखल. इकडे मलावीत आणि तशाच इतर देशांत गावोगाव वीज साठवायच्या बॅटऱ्या बसवायची योजना ह्याच तळाच्या भरवशावर आखली होती, ती निम्म्यावर आणावी लागली. आणि मग एका सकाळी बातमी आली. अथांग मरीनला पश्चिमेत गाळाच्या खाली खड्यांचे थर सापडले, एकाखाली एक, वर दिसत होते त्यांच्या कितीतरी पट. कंपनी म्हणाली, नशीब.

शलाकाला आधी राग आला नाही. आधी लाज वाटली. राग विमानात बसल्यावर आला.

हेरंब देवबागातच होता. गेली काही वर्षं समुद्रानं गावाची पट्टी कुरतडून आणखी अरुंद केली होती, पण काकीचं घर आणि त्यांची होडी अजून जागच्या जागी होती. ती दोघं होडी घेऊन कर्लीच्या खाडीत गेली, कारण घरात हे बोलणं शक्य नव्हतं.

"पश्चिमेक काय आसा ता तुका आधीच ठाऊक होता," शलाका म्हणाली.

"होता."

"आणि माका फसवूक तू तासभर पश्चिमेकडे बघत रवलंस."

हेरंबनं वल्हं आडवं ठेवलं. "तू माज्या डोळ्यांकडे बघतंस ह्या माका मी बारा वर्सांचो होतंय तेवापास्ना ठाऊक आसा."

शलाकाला हे समजायला एक क्षण लागला. "मग बांगडो माका मिळयत होतो तो?"

"तू ल्हान. रडत घराक गेलंस काय आवस माका बडवी. मगे मी मुद्दाम तिकडे बघी नाय, म्हणजे बांगडो तुका मिळात." तो थोडा हसला. "तेवा तुका देवचो होतो म्हणान दिलंय. ह्या खेपेक देवचो नव्हतो."

तिला त्याला पाण्यात ढकलून द्यावंसं वाटलं, आणि लहानपणीचे ते सगळे बांगडे आठवून रडूही आलं. ती रडली नाही.

"मी आता जावन सांगतलंय मंडळाक," ती म्हणाली.

"सांग. पुरावो काय देतलंस? यंत्र माज्या कंपनीचा नाय, माहिती माज्या कंपनीची नाय. आणि उचल्लंस तू. माजा काय चुकला?"

पुरावा खरंच नव्हता. माहिती दडवली असं सिद्ध झालं तर निवड रद्द होते, पण ते यंत्र तीन कंपन्यांच्या आड नेऊन ठेवलेलं होतं आणि होडीतलं बोलणं हेरंब उद्या साफ नाकारणार. परतीच्या वाटेवर शलाका कायदा मनात उलटापालटा करत बसली आणि तिला दुसरं कलम आठवलं. मंडळानं भाग निवडताना फक्त समोर ठेवलेल्या माहितीवरून निवडायचा. दुसऱ्या कशावरून निवडला असेल तर ती निवड रद्द, कंपनीचा दोष असो वा नसो. म्हणजे हेरंबचा अपराध सिद्ध करायची गरजच नव्हती. तिनं स्वतःचा कबूल केला की पुरे.

तो कबूल करायचा तर नोकरी जाणार, ह्या क्षेत्रात पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. तेवढं तिला पेलण्यासारखं होतं. पण कशावरून निवडलं, असा प्रश्न येणारच, आणि उत्तरात हेरंबचे डोळे येणार. सुनावणी उघडी असते, सगळीकडे दिसते, देवबागातही दिसणार. काकीनं तिला आईविना वाढवलं होतं, पोटच्या मुलासारखं कुशीत घेऊन. त्या काकीच्या पोटच्या मुलाचं नाव ती चव्हाट्यावर नेणार होती. न बोलावं तर घर शाबूत राहील, आणि पश्चिमेचा तळ ज्यांचा होता त्यांना तो कधीच मिळणार नाही, त्यांना कळणारही नाही.

निघताना काकीनं नेहमीसारखा तिच्या डोक्यावरून हात फिरवला. काकीला तिनं काही सांगितलं नाही. तिला तो धीर झाला नाही.

पोर्ट लुईला परतल्यावर तिनं लेखी कबुली दिली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. सुनावणीत अथांग मरीनचा वकील फार नम्र होता.

"म्हणजे अहवालातली कारणं ही तुमची खरी कारणं नव्हती?"

"नव्हती."

"मग खरं कारण काय होतं?"

"हेरंब कुबल नकाशाच्या पूर्व भागाकडे बघत नव्हते. लहानपणी मासळीचे वाटे घालताना जो ढीग त्यांना हवा असे तिकडे ते बघत नसत. त्यावरून मी पूर्व चांगली असं ठरवलं."

सभागृहात हसू उसळलं. वकीलही हसला. "आणि हे शास्त्र म्हणायचं का?"

"नाही. ही चूक म्हणायची. माझी."

"त्यांनी तुम्हाला फसवलं, असा तुमचा आरोप आहे?"

शलाकानं समोरच्या बाकावर बघितलं. हेरंब बसला होता, आणि ह्या वेळी तो सरळ तिच्याकडेच बघत होता.

"ते कुठे बघत होते एवढंच मी सांगितलं," ती म्हणाली. "मी ते बघून निवडायला नको होतं. निवड रद्द करा, एवढीच माझी मागणी आहे."

निकालात न्यायाधीशांनी लिहिलं की माणसानं कुठे बघावं ह्यावर कायद्याचा अंमल चालत नाही, सबब श्री. कुबल यांच्याविरुद्ध काही सिद्ध होत नाही. मात्र मंडळाची निवड अवैध मार्गानं झाली, म्हणून ती रद्द. नव्यानं निवड झाली, तेव्हा पश्चिमेच्या गाळाखाली काय आहे ते अख्ख्या जगाला माहीत होतं. पश्चिम सामायिक उपक्रमाकडे गेली. कंपनीला पूर्वेचा चिखल मिळाला. शलाकाची नोकरी त्याच आठवड्यात संपली.

टेबल आवरायला ती गेली तेव्हा मिसेस म्वाले दारात येऊन उभ्या राहिल्या. "मला आधी विचारलं असतंत," त्या म्हणाल्या, "तर मी म्हटलं असतं, कुणाच्या डोळ्यांकडे बघू नका. दोन्हीकडे एकेक भोक पाडून बघा." मग त्या पुढे आल्या आणि तिचे दोन्ही हात बराच वेळ हातांत धरून राहिल्या. बॅटऱ्यांच्या योजनेचं काम पुन्हा सुरू होतंय, असं त्यांनी सांगितलं.

शलाका देवबागात पोचली तेव्हा गणपतीला चार दिवस होते. काकी स्वयंपाकघरात नारळ खोवत बसली होती. तिनं वर बघितलं, बस म्हणाली, आणि खोवत राहिली.

"हय सगळ्यांनी फोनार बघल्यानी," थोड्या वेळानं काकी म्हणाली. "तुमच्या न्यायाधीशांक काय्येक कळला नाय. हयच्या पोरांटोरांक कळला."

"दादा इललो?"

"इललो. दुसऱ्या दिवशी रापणीर गेलो. कोण काय बोलाक नाय. पण त्येच्या बाजूची दोरी कोणी धरूक नाय. एकटोच ओढीत रवलो. वाटो दिल्यानी तो घेतल्यान नाय, तसोच घराक इलो." काकीनं विळी बाजूला सरकवली. "नोकरी सोडल्यान त्येना. नायतर त्येंनी काडल्यानी, माका सांगाक नाय."

न्यायालयात शलाकानं त्याच्यावर आरोप केला नव्हता, त्यामुळे तो सुटला असं ती धरून चालली होती. गावाला आरोपाची गरज नसते हे तिला सुचलंच नव्हतं, आणि ती तर ह्याच गावची.

"काकी, तू माज्यार रागावलंस?"

काकीनं पदरानं हात पुसले. "तू बोललंस ता बरोबर. माका ता सोसला नाय. दोनय खरा."

बाहेर कुणीतरी होडीला डांबर लावत होतं, त्याचा वास घरात येत होता. काकीनं खोवलेलं खोबरं ताटलीत गोळा केलं आणि वर न बघता सांगून टाकलं.

"आता मी सांगतंय ता आयक. गणपतीक तो येतलो. तू शिमग्याक ये. दोघांनी एकदम येव नकात. माका तुमच्या मधी बसूक जमाचा नाय."

"गणपतीक मी आजपर्यंत एकदाय चुकलंय नाय," शलाका म्हणाली. हा गाऱ्हाण्याचा सूर तिला स्वतःलाच लहान मुलीसारखा वाटला.

"ठाऊक आसा. पण तुका चार माणसां बरी म्हणतत. त्येका आता मी एकटीच आसंय." काकीनं ताटली उचलली आणि गुडघ्यावर हात टेकून हळूहळू उभी राहिली. "म्हणान गणपती त्येचो."

शलाका बरं म्हणाली. काकीनं तिला जेवायला वाढलं, समोर बसून पोटभर खाऊ घातलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं शलाका देवबागातून निघाली.